हिरड्याच्या झाडाचा हिशेब

जैवविविधतेच्या अर्थकारणावरील आपला लेख पटला. मात्र हवामानबदलाने झाडावर जगणाऱ्यांचे किती बुडते, हा हिशेब त्यात राहून गेला. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची झाडे उन्मळून पडली. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, तोडून अंगणात काळा पडेपर्यंत वाळवायचा आणि त्या पैशांतून पावसाळ्याची बेगमी करायची, हा तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचा शिरस्ता. ऊस आडवा झाला तर पुन्हा लावता येतो. हिरड्याचे रोप फळाला येण्यास अनेक वर्षे जातात. म्हणूनच भरपाई ठरवताना एका हंगामाचे फळ न मोजता, नवे झाड फळाला येईपर्यंत बुडणारे उत्पन्न धरावे आणि त्यासाठी बांधावरच्या हिरड्यांची (ते काही जंगलातच नसतात) सातबाऱ्यावर रीतसर नोंद व्हावी.

– एक वाचक, जुन्नर