अक्काच्या पायांची हकीकत

येळ्ळूर,
नागपंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या पाडव्याच्या पत्राला मी उत्तर दिले नाही आणि रविवारी फोनवर तू त्याबद्दल एक शब्दही काढला नाहीस, याचेच मला अधिक वाईट वाटले. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. पत्र लिहायला बसलो ते तू फोन ठेवता ठेवता सहज बोलून गेलास त्या गोष्टीमुळे. अंगठ्याचे नख खराब झाले म्हणून तू दर शनिवारी फ्लुकोनाझोलची, म्हणजे बुरशीवरची, एक गोळी घेतोस, ती औषधाच्या दुकानातूनच आणलीस, आणि हल्ली रविवारी सकाळी घाम फुटून तुझे हात थरथरतात, ते वयामुळे असेल, असे तू म्हणालास. मला रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी दोनदा फोन लावला, तो लागला नाही, तेव्हा वहिनींना निरोप दिला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय या शनिवारची गोळी त्याला घेऊ देऊ नका. तू चिडला असशील. पण अक्काच्या बाबतीत मी काय करून बसलो ते वाचलेस म्हणजे तुला कळेल.

अक्काच्या दोन्ही अंगठ्यांची नखे तीन-चार वर्षांपासून पिवळी आणि जाड झाली होती. कापायला गेले की पिठासारखा भुगा पडायचा. खानापूरकडचा पाऊस तुला ठाऊक आहे, रोप लावणीच्या दिवसांत पहाटेपासून पाय चिखलातच असतात. मृगाच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो होतो. मागल्या वर्षी माझ्या जांघेतल्या गजकर्णावर बेळगावच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सुली दिल्या होत्या. खाज थांबताच मी त्या बंद केल्या आणि दोन पाकिटे कपाटात उरली. तीच मी तिला नेऊन दिली. बुरशी ती बुरशी, मला गुण आला तर तिलाही येईल, एवढाच माझा विचार. ती रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपीनची गोळी घेते हे मला माहीत होते, कारण ती गोळी दर महिन्याला मीच बेळगावहून पाठवतो.

दहाव्या दिवशी दाजींचा फोन आला. जाऊन पाहतो तर घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत दोन्ही पाय सुजलेले. नडगीवर मी अंगठा दाबला, तो उचलला तरी खळगा तसाच राहिला. जोडवी बोटात रुतली होती. साबण लावून, फिरवून फिरवून ती काढावी लागली आणि काढल्यावर बोटाला खोल वळ दिसला. अक्का माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘तू दिलेले औषध मी एक दिवसही चुकवले नाही हं.’’ हे वाक्य मी तुझ्याखेरीज कोणाला सांगू शकत नाही.

बेळगावला नेले. डॉक्टरांनी आधी हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, कारण इट्राकोनाझोलने हृदयाचा जोर कमी होऊ शकतो आणि ज्यांचे हृदय मुळातच अशक्त झाले आहे त्यांना नखाच्या बुरशीसाठी हे औषध देतच नाहीत. सुदैवाने हृदय ठीक निघाले. मग त्यांनी समजावले की आपण घेतलेल्या पुष्कळ औषधांचा निचरा यकृत करते, इट्राकोनाझोल त्या कामात आडवे येते, आणि मग अ‍ॅम्लोडिपीन रक्तात साचत जाते. पाय सुजणे हा अ‍ॅम्लोडिपीनचाच गुण, तो इथे वाढला. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचेही असेच होते. सिमव्हास्टॅटिन तर याच्याबरोबर मुळीच चालत नाही, स्नायूंना इजा होते. कॅप्सुली बंद केल्यावर सूज हळूहळू उतरली. माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, तुम्ही स्वतः या कशा घेत होता? मी म्हणालो, सकाळी उपाशीपोटी, पित्ताच्या गोळीबरोबर. या कॅप्सुली भरल्या पोटीच घ्यायच्या असतात, आणि पोटातले आम्ल कमी केले तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. म्हणजे मला गुण यायला इतके दिवस का लागले तेही तेव्हा कळले.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाकिटातला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. दवाखान्यातली बाई कन्नडमध्ये भराभर सांगते आणि अक्का ‘हूं, हूं’ म्हणून मान हलवते. तिला काय कळले हे कोणी विचारत नाही. कन्नड-मराठीवर आपण दोघे कॉलेजात पुष्कळ भांडलो, ते भांडण मी पुन्हा काढत नाही; पण औषध कसे घ्यायचे हे माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, एवढे तू मान्य करशीलच.

आता तिचे औषध रीतसर चालू आहे. आधी नख खरवडून तो भुगा तपासायला दिला, कारण जाड, पिवळे नख प्रत्येक वेळी बुरशीनेच होते असे नाही. जुन्या ठेचेने किंवा सोरायसिस या त्वचेच्या आजारानेही होते, आणि मग महिनोन्महिने गोळ्या खाऊन काहीच उपयोग नसतो. तिच्या तपासणीत बुरशी निघाली. मग यकृतासाठी रक्त तपासले आणि टर्बिनाफीन २५० मिलीग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे. अ‍ॅम्लोडिपीनशी तिचे भांडण नाही. (रक्तदाबाची मेटोप्रोलॉल घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना तसे आधी सांगायला हवे.) गोळ्या संपल्या तरी नख लगेच नितळ दिसत नाही, पायाचे नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढते, त्यामुळे पूर्ण नवे नख यायला वर्ष-दीड वर्ष जाते. हे आधी सांगितले नसते तर अक्काने मध्येच औषध टाकून दिले असते.

क्वचित कोणाच्या यकृताला हे औषध बाधते. म्हणून लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काही दिसले तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा. तोंडाची चव गेली तरी कळवायचे. हे सर्व मी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून तिच्या देव्हाऱ्याशेजारी चिकटवले आहे. लिहिताना कॉलेजात असताना टिळकवाडीच्या खोलीत तुला झालेली कावीळ आठवली. तुझे डोळे पिवळे झालेले मी आठ दिवस पाहत होतो आणि परीक्षेच्या जागरणाने झाले असेल असे म्हणत होतो. त्याच खोलीत आपण चौघांनी एक टॉवेल वापरला, चौघांना गजकर्ण झाले आणि तुझी ती ट्यूब आपण पुरवून पुरवून लावली. ट्यूब मी संपवली म्हणून तू महिनाभर अबोला धरलास. आता सांगतो, ती संपली हेच बरे झाले. त्यात स्टेरॉइड होते. त्याने खाज आणि लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

आता तुझे. तू मधुमेहाची ग्लिमेपिराईड घेतोस. फ्लुकोनाझोल त्या गोळीचा निचरा मंद करते, ती रक्तात वाढते आणि साखर नको तितकी खाली येते. रविवारचा घाम आणि थरथर यामुळेच असेल असा मला दाट संशय आहे. पुन्हा तसे झाले तर आधी साखर खा, रक्तातली साखर मोजून आकडा लिहून ठेव, आणि रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून तुझ्या डॉक्टरांपुढे ठेव. मधुमेहाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. नखाची तपासणी झालेली नाही, ती करून घे. मधुमेहात पाय जपावे लागतात हे तुला मी सांगायला नको.

धाकटीला नोकरी लागली हे वाचून आनंद झाला. नव्या घराचा पत्ता कळव. बापूंना माझा नमस्कार सांग.

अक्का पंचमीला माहेरी आली आहे. स्वयंपाकघरात तंबिटाचे लाडू वळते आहे, आणि तिच्या पायांत जोडवी पुन्हा सैल फिरताना मला इथून दिसतात. त्यातले दोन लाडू तुझ्यासाठी पाठवणार होतो, पण साखरेचा आकडा कळल्याशिवाय नाही. शुक्रवारी रात्री फोन करतो, उचल.

तुझा,
येळ्ळूरकर