सेंट अँड्र्यूजच्या पियानोवरच्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

इंग्रजीतलं कार्ड तुम्हाला मिळालं असेलच. पण कार्डावर चार ओळींत काय मावणार? शिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते माझ्या माणसांनाही कळावं असं फार वाटतं, म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही आमच्या वर्गाच्या पियानोवादक होतात, शिक्षिका वेगळ्या होत्या. तरी मी तुम्हाला बाईच म्हणणार, कारण शिकवायचं कसं ते मी तुमच्याकडून शिकले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं गाव आहे. जगाला ते गोल्फमुळे आणि सहाशे वर्षांच्या विद्यापीठामुळे माहीत आहे. तिथे १९२७ मध्ये स्कॉटिश कंट्री डान्सिंगची पहिली उन्हाळी शाळा भरली आणि आजही ती तिथेच भरते. राहायचं विद्यापीठाच्या वसतिगृहात, सकाळी वर्ग, रात्री नाच. जपानहून, न्यूझीलंडहून, कॅनडाहून माणसं येतात, ऐंशी ओलांडलेली येतात आणि नुकतं कॉलेज संपवलेलीही. आणि मला सगळ्यात नवलाची वाटलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक वर्गाला जिवंत संगीत असतं. नवशिक्यांच्या वर्गालासुद्धा! कोपऱ्यात स्पीकर लावून ठेवलेला नसतो, पियानोवर किंवा अकॉर्डियनवर माणूस बसलेला असतो.

हा नाच समूहाचा. चार जोड्या, समोरासमोर दोन रांगा, याला म्हणतात सेट. संगीत ज्या बाजूला, ते सेटचं वरचं टोक. पहिली जोडी नाचत नाचत खाली सरकते, मग दुसरीची पाळी, असं करत प्रत्येक जोडी दोनदा नाचते. म्हणून बहुतेक नाच ३२ बारांचे (बार म्हणजे चालीतलं एक छोटं आवर्तन) आणि आठ वेळा वाजवायचे. एकट्याने चमकायला इथे वाव नाही. आपण कितीही सुरेख नाचलो आणि समोरच्याला हात द्यायला वेळेवर पोचलो नाही, तर सेट विस्कटतो.

पहिल्या महायुद्धानंतर हे नाच विस्मरणात चालले होते. ग्लासगोत शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका असलेल्या जीन मिलिगन आणि अर्गाइलच्या यझबेल स्टुअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन १९२३ मध्ये संस्था काढली. जुनी हस्तलिखितं धुंडाळली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून नाच गोळा केले, पुस्तकं छापली, शिक्षक तयार केले. १९५१ मध्ये त्या संस्थेच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. मिलिगनबाई १९७८ मध्ये गेल्या, तोपर्यंत हा नाच जगभर पोचला होता. दोन बायकांनी मनावर घेतलं म्हणून एक अख्खी परंपरा वाचली, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.

उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावातही दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हा वर्ग भरतो. लहानपणी पुण्यात कथक शिकले होते, मग नोकरी, संसार, परदेश यात ते मागे पडलं. शेजारच्या काकू मला ओढून या वर्गाला घेऊन गेल्या आणि मी तिथलीच झाले. आमच्या शिक्षिका आता थकल्या आहेत. त्यांनी मला विचारलं, तू प्रमाणपत्र घेशील का, नाहीतर हा वर्ग बंद पडेल. म्हणून मी सेंट अँड्र्यूजला आले, शिक्षकांच्या परीक्षेची उमेदवार म्हणून. एक लेखी पेपर, एक परीक्षा स्वतः नाचून दाखवायची आणि एक प्रत्यक्ष शिकवण्याची. पहिल्या दोन्हींची मला काळजी नव्हती. तिसरीसाठी तुम्ही भेटलात.

हा नाच शिकवणं म्हणजे काय, ते नुसतं नाचणाऱ्याला कळत नाही. रीलचे, म्हणजे जलद लयीच्या नाचाचे, ३२ बार अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे संपतात. पुढची हालचाल सांगायची ती आधीच्या ओळीच्या शेवटच्या दोन बारांत, म्हणजे जेमतेम दोन सेकंदांत. आधी सांगितलं तर लोक घाई करतात, उशिरा सांगितलं तर अडखळतात. त्यात समोर सेटमध्ये उभी असलेली माणसं, पाठीमागे परीक्षक आणि बाजूला पियानो. सरावाच्या पहिल्या तासाला आम्ही सगळे उमेदवार पियानोकडे पाठ करून उभे राहायचो आणि ‘संगीत, प्लीज’ म्हणून हात वर करायचो. तुम्ही काही न बोलता वाजवायचात. मग एकदा चहाच्या सुट्टीत तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात की पियानो हा तुझा मदतनीस आहे, त्याच्याशी बोल, वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन मला सांग की आज लोकांकडून काय करून घ्यायचंय.

त्या वाक्याचा अर्थ मला ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ शिकवताना कळला. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सां व्हॅलेरी इथे एक्कावन्नावी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती लागली. तिच्यातले काही अधिकारी बव्हेरियात लाउफेनच्या कैदी छावणीत होते. तिथे, काटेरी तारांच्या आत, लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन यांनी हा नाच रचला, आणि १९४५ मध्ये तो छापून आला. नाचणारे मधोमध तिरकी रांग धरतात, आधी एका कर्णावर, मग दुसऱ्या. दोन्ही मिळून सेंट अँड्र्यूचा तिरका क्रॉस होतो, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. त्याच संताच्या नावाच्या गावात मला हा नाच शिकवायला मिळाला.

सगळी गंमत नवव्या बारापासून. पहिली जोडी आपापल्या कॉर्नरसमोर, म्हणजे कोपऱ्यातल्या नाचणाऱ्यासमोर, ‘सेट’ करते, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकते, अकराव्या-बाराव्या बारात उजव्या हाताने कॉर्नरला फिरवते, आणि तेराव्या बाराच्या पहिल्या ठोक्याला चौघांची तिरकी रांग तयार हवी. मधल्या दोघांचे डावे हात एकमेकांत, उजवे हात कॉर्नरांच्या हातात. मग दोन बार त्या रांगेत बॅलन्स, म्हणजे हात धरून जागच्या जागी पावलं. आमच्या वर्गात लोक उत्साहाने कॉर्नरला गरगरा फिरवायचे आणि रांग व्हायची चौदाव्या बारात. बॅलन्सला जागाच उरायची नाही. मी आकडे मोजून दाखवले, मग आणखी मोठ्याने मोजले.

तुम्ही हात वर केलात आणि विचारलंत, मी एक सुचवू का? मग सगळ्यांना जागच्या जागी उभं राहायला सांगितलंत. पाय हलवायचे नाहीत, फक्त ऐकायचं. नऊ ते सोळा एवढेच आठ बार वाजवलेत. अकरा-बारामध्ये तुमचा डावा हात चढत गेला, सूर भराभर वर गेले, आणि तेराव्या बारावर दोन्ही हात एकदम खाली आले, भरीव, मोकळा कॉर्ड, अनेक सूर एकदम. दुसऱ्यांदा वाजवलंत तेव्हा सांगितलंत की रांग जिथे व्हायला हवी असं वाटेल तिथे टाळी द्या. वीसेक माणसांची टाळी एका क्षणी पडली. एकालाही मोजावं लागलं नाही. मी कथकच्या वर्गात समेवर येणं म्हणजे काय ते वर्षानुवर्षं केलं होतं, पण इथे, या रीलमध्येही तशीच एक जागा आहे आणि सगळ्यांना ती आपोआप ऐकू येते, हे मला त्या टाळीने दाखवलं. मग चालून पाहिलं, मग नाचलो. रांग तेराव्या बारावर झाली. माणसं हसत होती, कॉर्नरला उभे असलेले एक आजोबा तर बॅलन्स करताना मान डोलवत होते.

तेव्हापासून मी वर्गात कमी बोलते, बाई. हे तुमचं देणं आहे.

स्ट्रॅथस्पेच्या बाबतीतही तुम्ही मला असंच हाताला धरून नेलंत. हा संथ नाच फक्त स्कॉटलंडचा, नाव स्पे नदीच्या खोऱ्यावरून आलेलं. नवीन लोकांना तो कंटाळवाणा वाटतो, पाय ओढत चालतात. तुम्ही एकच पाऊल दोन वेगळ्या धुनांवर करायला लावलंत. आधी एक तरंगती, गाण्यासारखी धून. मग अठराव्या शतकातले फिडलवादक नील गो यांच्या घराण्याच्या धाटणीची जुनी चाल, जिच्यात छोटा सूर आधी आणि लांब सूर त्याच्या मागे येतो, तोच तो ‘स्कॉच स्नॅप’. त्या झटक्यावर पाऊल उचललं जातं, सांगावं लागत नाही. पण नुसत्या झटक्यावर नाचलं की नाच कडक होतो. म्हणून तुम्ही म्हणालात, पाऊल शिकवताना ठसठशीत चाल घे, पाऊल बसलं की तरंगती घे. एवढं नेमकं मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात पायाची स्थिती आहे, टाचेची जागा आहे, बारांचे आकडे आहेत. कोणती चाल कधी, हे वाजवणाऱ्यालाच माहीत.

आणि तुमचा वेळ! सकाळचे वर्ग संपले की सगळे जेवायला पळायचे. आम्ही उमेदवार मागे रेंगाळायचो, तर तुम्ही पियानोचं झाकण न लावता बसून राहायचात. कोणाला पा द बास्क हे पाऊल शिकवायचा सराव करायचाय, कोणाला पुसेट ही जोडीने जागा बदलायची हालचाल. तुम्ही जिग ही चटपटीत चाल वाजवायचात, हव्या त्या संथ लयीत, हव्या तिथे थांबून. पा द बास्कसाठी तुम्ही किती वेळा वाजवलंत! एका जपानी उमेदवाराला इंग्रजी सूचना वेळेत जमत नव्हत्या. तुम्ही तिला सांगितलंत की दोनच शब्द बोल, बाकीचं मी बोलते. ती पास झाली तेव्हा तिने तुम्हाला वाकून नमस्कार केला होता, आणि तुम्ही पियानोच्या बाकावरून उठून तसाच तिला परत केला होता.

परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला नाच वेगळाच होता. मी आधी तुमच्याकडे आले आणि सांगितलं की मला सतराव्या बाराला लोकांना सावरायचंय. तुम्ही मान हलवलीत. शिकवताना तिथे आले, तर त्या दोन बारांत पियानो किंचित हलका झाला, माझा आवाज सगळ्यांपर्यंत गेला आणि पुढचा ठोका पुन्हा भरून आला. परीक्षकांना ते कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं.

शेवटच्या रात्री यंगर हॉलमध्ये नाच होता. अकॉर्डियन, फिडल, ड्रम आणि पियानोवर तुम्ही. नाचाची मूळ चाल आधी वाजली, मग दुसऱ्या चाली, आणि आठव्या फेरीला पुन्हा मूळ चाल आली तशी हॉलभर एक आरोळी उठली. इतकी वर्षं मी ती आरोळी ऐकत होते आणि देतही होते. ती चाल परत आणायची म्हणजे वाजवणाऱ्यांना मधल्या चाली किती विचारपूर्वक निवडाव्या लागतात, हे तुमच्यामुळे त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं.

आता मंगळवारचा वर्ग माझ्याकडे आहे. आमच्याकडे पियानोवादक नाही, रेकॉर्डवरच भागवावं लागतं. रेकॉर्ड थांबून राहत नाही, नवव्या बारापासून वाजव म्हटलं तर ऐकत नाही. पण आता मी सोमवारी रात्री बसून प्रत्येक नाचाची तीन-चार रेकॉर्डिंग्ज ऐकते. कोणत्यात तेरावा बार स्पष्ट आहे, कोणत्यात चाल घाई करते, ते टिपून ठेवते. नवीन नाचाला लोकांना आधी नुसतं ऐकायला लावते. टाळीचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात केला. आमच्या शेजारच्या काकूंची टाळी सगळ्यांच्या आधी पडते, अजूनही, पण पाऊल आता बरोबर पडतं.

आमच्या गावातल्या संगीत महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी पियानो उत्तम वाजवते. तिला मी वर्गाला यायला राजी केलंय. तिला रील आणि जिग येतात, स्ट्रॅथस्पे अजून नाही. तुम्हाला जमणार असेल तर तिला पत्राने किंवा फोनवर थोडं मार्गदर्शन कराल का? प्रवासखर्चाची सोय झाली तर पुढच्या जुलैत तिला घेऊन सेंट अँड्र्यूजला यायचं आहे. वादकांचाही वर्ग असतो तिथे, तुम्हीच सांगितलं होतं.

तब्येतीची काळजी घ्या. बोटं दुखतात म्हणाला होतात, थंडीत हातमोजे विसरू नका.

तुमची,
मंगळवारच्या वर्गाची शिक्षिका