युगांडा नव्हे, उआसिन गिशू

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ज्यूंच्या मायभूमीवरचा लेख वाचला. ‘ब्रिटिशांनी १९०३ मध्ये ज्यूंना युगांडा देऊ केला, त्यांनी तो हट्टाने नाकारला, घेतला असता तर पुढचा रक्तपात टळला असता’ हे वाक्य मराठीत आजवर इतक्यांदा छापून आले आहे की आता कुणी ते तपासतही नाही. आपल्यासारख्या वृत्तपत्राने तरी तपासायला हवे होते. त्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत.

ती जमीन आजच्या युगांडात नाहीच. ती केनियात आहे. एल्डोरेट शहराभोवतीचे उआसिन गिशू पठार, उंची सुमारे सात हजार फूट, क्षेत्र ढोबळमानाने पाच हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. युगांडाचे नाव चिकटले ते मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या ‘युगांडा रेल्वे’मुळे. शिवाय १९०२ पर्यंत हा भाग युगांडाच्या पूर्व प्रांतात मोडत होता. त्या वर्षी तो ब्रिटिश पूर्व आफ्रिकेला जोडला गेला. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन १९०२ च्या डिसेंबरात या रेल्वेने फिरले आणि परतल्यावर एप्रिल १९०३ मध्ये त्यांनी ज्यूंना मायभूमी मिळावी म्हणून झटणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्याजवळ विषय काढला. लेखासोबतच्या नकाशात आपण युगांडाची राजधानी कंपाला रंगवून दाखवली आहे, ते पुसावे लागेल.

आता ‘देऊ केला’ याचा अर्थ. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या सर क्लेमेंट हिल यांचे १४ ऑगस्ट १९०३ चे पत्र हाच तो प्रस्ताव. त्यात कुठल्याही पठाराचे नाव नाही. योग्य जागा सापडली तर वसाहतीचा विचार अनुकूलपणे होईल, स्थानिक कारभाराचा प्रमुख ज्यू अधिकारी असेल, नगरव्यवस्था, धर्म आणि घरगुती बाबी त्यांच्या हाती राहतील, पण सर्वसाधारण नियंत्रण ब्रिटिश सरकारचेच, असा एकूण मजकूर. उआसिन गिशू नंतर ठरले. वसाहतीच्या सनदेचा मसुदा लंडनच्या ज्या वकिली पेढीने केला होता, ती पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची.

‘हट्टाने नाकारला’ हे वाचून तर वाईट वाटले. २३ ऑगस्ट १९०३ ला बाझेलमध्ये सहावी झायोनिस्ट काँग्रेस भरली. त्याआधी चार महिने रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये एका मुलाच्या खुनाचे खापर ज्यूंवर फोडून, स्थानिक वर्तमानपत्राने आठवडेच्या आठवडे आग लावून, दोन दिवसांत ४९ ज्यू मारले गेले होते. शेकडो घरे आणि दुकाने लुटली गेली होती. सभागृहात व्यासपीठामागे पॅलेस्टाइनऐवजी पूर्व आफ्रिकेचा नकाशा लावलेला दिसला तेव्हाच वातावरण बिघडले. मतदान झाले ते जमीन घ्यायची की नाही यावर नव्हेच, पाहणी पथक पाठवायचे की नाही यावर. बाजूने २९५, विरुद्ध १७८. म्हणजे काँग्रेसने प्रस्ताव फेटाळला नाही, उलट विचारात घेतला. निकालानंतर रशियाचे बहुसंख्य प्रतिनिधी उठून गेले, काही जण जमिनीवर बसून सुतक पाळावे तसे रडले. खुद्द किशिनेव्हचे प्रतिनिधी विरोधात होते. ज्यांच्या घरात मढी उचलली गेली त्यांनी ‘तात्पुरता निवारा नको’ म्हणावे, याला हट्ट म्हणणारा लेखक त्या सभागृहात काय पणाला लागले होते हे समजून घेत नाही.

पाहणी पथक तिघांचे होते: ब्रिटिश मेजर गिबन्स, स्विस संशोधक कैसर आणि रशियातून आलेले अभियंता विल्बुश. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी पठार पाहिले. गिबन्स यांचे मत त्यातल्या त्यात अनुकूल, इतर दोघांचे प्रतिकूल. कारणे समजायला अवघड नाहीत. गवत, हवा, माती चांगली, पण गाडीरस्ता नाही, जवळ बाजार नाही. पुढे १९०८ पासून तिथे दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी बैलगाड्या घेऊन चढले, आणि त्यांच्या एल्डोरेटला रेल्वे पोहोचली ती १९२४ मध्ये. इतकी वर्षे पिकवलेले धान्य विकणार कुठे? रशियातून पळणारे बहुतेक लोक शिंपी, चांभार, छोटे दुकानदार. त्यांना शेती शिकायला वेळ लागला असता आणि भांडवलही. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी लॉर्ड डेलमिअर यांच्या पुढाकाराने आधीच निषेध केला होता. हर्झल जुलै १९०४ मध्ये वारले होते. १९०५ च्या सातव्या काँग्रेसने नकार दिला तो हे सगळे झाल्यावर.

‘रक्तपात टळला असता’ हा सर्वांत गंभीर दावा. पठार मोकळे दिसत होते, कारण तिथले पशुपालक उआसिन गिशू मसाई आपसांतल्या युद्धांत एकोणिसाव्या शतकातच उद्ध्वस्त झाले होते. पण नंदी लोक तिथे गुरे चारत होते आणि रेल्वे येण्याआधीपासूनच इंग्रजांशी लढत होते. तारायंत्राच्या तारा तोडत, रुळांचे लोखंड उचलून नेत. १९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांचा नेता कोइतालेल याला बोलणीसाठी बोलावून कॅप्टन माइनरत्झहागन यांनी गोळी घातली. ज्यू वसाहत झाली असती तर ती नंदींच्या जमिनीवर, त्याच बंदुकांच्या आडोशाला झाली असती. रक्त सांडलेच असते, फक्त वेगळ्या लोकांचे.

जीव वाचवणारी गोष्ट एकच होती, उघडे दार. बाल्फोर ब्रिटनचे पंतप्रधान असताना हा प्रस्ताव आला आणि त्यांच्याच सरकारने १९०५ मध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा करून पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंना ब्रिटनची वाट अडवली. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांचा कोटा आवळला. १९३८ मध्ये ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले आणि डोमिनिकन प्रजासत्ताक वगळता कुणी ठोस जागा दिली नाही. लेखात याची एक ओळही नाही.

आणखी एक. लेखासोबत कोकणातल्या सिनेगॉगचे छायाचित्र आहे, खाली ओळ ‘छळातून सुटलेले ज्यू’. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, युरोपातल्या छळातून इथे आलेले नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटल्याची त्यांची परंपरा त्याहून फार जुनी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवून घेत, तेल गाळत ते शतकानुशतके इथे शेजाऱ्यांसोबत राहिले. १८९७ च्या पहिल्या झायोनिस्ट काँग्रेसचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण परतणे ईश्वराच्या हातचे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे इस्रायलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रबींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांच्या विवाहांसाठी आईकडच्या पिढ्यांची चौकशी मागितली आणि १९६४ पर्यंत त्यांना आंदोलन करावे लागले. अलिबाग-पेणच्या माणसांची ही खरी कहाणी छायाचित्राखाली दोन ओळींत मावली असती.

नकाशा, ‘युगांडा’ आणि छायाचित्राखालची ओळ, या तिन्हींची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे