अर्ज भरण्याआधी दोऱ्याला दगड बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषयनिवडीचे दिवस आले की पालक मला हमखास विचारतात, "झेपेल का हो बाई त्याला फिजिक्स-केमिस्ट्री?" ३१ वर्षे हेच शिकवून निवृत्त झाले, तेव्हा उत्तर माझ्या खिशात असणार असा त्यांचा समज. मी गुणपत्रिका बघत नाही. दोरा आणि दगड मागते.

१ मीटर लांबीचा लंबक टांगायचा, जरासा बाजूला ओढून सोडायचा आणि २० आंदोलने मोजायची (एकदा जाऊन परत आला की एक). ४० सेकंद लागतात, थोडे इकडेतिकडे. मग मी विचारते, हीच २० आंदोलने २० सेकंदांत व्हायला दोरा किती ठेवशील? जवळजवळ सगळे ५० सेंटिमीटर म्हणतात. तेवढ्या दोऱ्याने मोजून बघितले की येतात २८ सेकंद.

आता मी घड्याळ सोडून मुलाकडे बघते. कोणी म्हणतो, माझेच मोजायला चुकले, आणि पुन्हा मोजतो. कोणी न बोलता दोरा आखूड करत जातो आणि २५ सेंटिमीटरला २० सेकंद आले की ओरडतो. कोणी लगेच विचारतो, "सूत्र सांगा ना!" त्यालाही मी नको म्हणत नाही, पण पहिल्या दोघांना गुण कमी असले तरी खुशाल घ्या म्हणते.

राहिला गणिताचा बाऊ. विषय सोडणारी माझी बहुतेक मुले अडली ती अपूर्णांकांत. सूत्राचा कर्ता बदलता येत नाही, म्हणजे हवी ती राशी एका बाजूला एकटी काढता येत नाही; गुणोत्तर कच्चे. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल (रसायनशास्त्रातले पदार्थ मोजायचे एकक) हे पाठ असते, पण ४५ ग्रॅम म्हणजे किती, म्हटले की पेन थांबते. हे सुट्टीत बसून पक्के करता येते, मी करून घेतले आहे.

माझाही अंदाज चुकला आहे. पाढे कच्चे म्हणून एका मुलीला मी "दुसरे काही घे" असे सांगितले होते. तिने ऐकले नाही, बरे केले. अनुमापनाच्या तासाला, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडत रंग बदलायला किती लागते ते मोजताना, सगळ्यांच्या वहीत ब्युरेटचे (थेंब सोडायच्या खुणांच्या काचनळीचे) वाचन १०.० मिलिलिटर, पुस्तकात असावे तसे. हिच्या वहीत १०.४, १०.३, १०.४. विचारले तर म्हणाली, "गुलाबी रंग टिकला तिथेच थांबले, बाई." रात्री मी स्वतः करून पाहिले. ब्युरेटमधले द्रावण माझ्या हातून किंचित विरल झाले होते, म्हणून ते जास्त लागत होते. बाकी सगळ्या वर्गाने माझ्यावर विश्वास ठेवला होता!

हे विषय मागाहून सोडता येतात, मागाहून घेणे मात्र फार जड जाते. म्हणून शाळांना विनंती, की अर्ज वाटण्याआधी प्रत्येक मुलाला एक तास प्रयोगशाळेत मोकळे सोडावे आणि वाचन त्याचे त्याला लिहू द्यावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका