गर्भपिशवी काढायची एवढी घाई कशाला?

संपादक महोदय, नमस्कार.

"पिशवीच्या तोंडाला जखम झालीय, डॉक्टर म्हणाले काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल", हे आमच्या भागात इतक्या वेळा ऐकू येतं की आता कुणाला त्याचं काही वाटत पण नाही. माझ्या नात्यातल्या एका पस्तिशीतल्या बाईलाही एका खाजगी दवाखान्यात असंच घाबरवलं, आतून नुसतं बघितलं आणि सोनोग्राफी केली (सोनोग्राफीत हे दिसतही नाही बरं का), पॅप टेस्टचं (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी घेऊन तपासतात ती) नावच नाही, डायरेक्ट ऑपरेशनची तारीख!

दुसऱ्या मॅडमकडे नेलं तेव्हा कळलं की ती जखम नव्हतीच. गर्भाशयाच्या मुखाच्या आतलं नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला येतं, ते पातळ असल्यामुळे लालभडक दिसतं, बस एवढंच. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे सर्रास होतं आणि त्याचा कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर औषध पण लागत नाही.

पण म्हणून तपासणी टाळायची असं नाही हं. सुरुवातीचा कॅन्सरही नुसत्या डोळ्यांना तसाच दिसू शकतो, म्हणून पॅप किंवा एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) टेस्ट आधी, नाहीतर सरकारी केंद्रात तिशीनंतरच्या बायकांची ॲसिटिक ॲसिड लावून करतात ती तपासणी तरी. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर डाग दिसला तर तर अजिबात थांबायचं नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला आणि तरी पांढरं पाणी, रक्ताचे डाग यांचा त्रास असेल तर इन्फेक्शन असल्यास त्याची औषधं, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे वाटत असेल तर गोळी बदलून बघणं, आणि एवढं करूनही थांबलं नाही तर क्रायो म्हणजे गारठवून ते अस्तर घालवणं किंवा कॉटरीने म्हणजे उष्णतेने शेकून घालवणं. बहुतेक वेळा ओपीडीत होतं, त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तेवढे दिवस संबंध टाळायचे. आमच्या बाईंना तर नुसती गोळी बदलून बरं वाटलं, पिशवी जागेवर आहे.

पिशवी लवकर काढली, त्यात अंडाशयही काढले, की पाळी जाण्याचा सगळा त्रास आणि हाडांची झीज ऐन तारुण्यात मागे लागते, आणि उसतोडीला जाणाऱ्या बाईला मोळी उचलायचीच असते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या उसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, चौकशी समिती बसली, तिथे खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायला लावली. माझं म्हणणं एवढंच की जिल्हा कुठलाही असो, "तोंडाला जखम" या कारणाखाली पिशवी काढायची असेल तर पॅपचा किंवा बायोप्सीचा (तुकडा काढून तपासल्याचा) रिपोर्ट फाइलला जोडल्याशिवाय ऑपरेशन होऊच नये, आणि त्याची एक कॉपी बाईच्या हातात द्यावी.

– एक वाचक, अंबाजोगाई