२६ जानेवारीला नको, बाबा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, "ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ २६ जानेवारीलाच, केवढा योग!" असं तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मी विषय बदलला. मी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, दुसरी तारीख मागितली आहे. त्याचं कारण फोनवर धड सांगता आलं नसतं.

आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि जिलेबी. इथे १७८८ साली त्याच तारखेला इंग्रजांनी सिडनीत झेंडा रोवून कैद्यांची वसाहत थाटली. १९३८ मध्ये त्याची दीडशे वर्षं साजरी होत होती, तेव्हा याच शहरात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, नेत्यांनी सभा घेऊन तो दिवस शोकदिन म्हणून पाळला.

जूनमध्ये आम्ही बिंगाराजवळ मायल क्रीकला गेलो होतो. १८३८ मध्ये तिथे हेन्री डेंजर नावाच्या जमीनदाराचं गुरांचं ठाणं होतं. वीरायाराय या मूळ रहिवासी लोकांची एक टोळी काही आठवडे त्या ठाण्याच्या आसऱ्याला राहिली होती. गुराख्यांशी त्यांची चांगली ओळख झाली होती. १० जूनला तरुण पुरुष शेजारच्या ठाण्यावर झाडांच्या साली काढायला गेले असताना काही घोडेस्वार आले. त्यांनी मागे राहिलेल्या बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना दोराने बांधून नेलं आणि तलवारींनी कापलं. किमान २८ माणसं गेली. नंतर प्रेतं जाळली. ठाण्यावरचा गुराखी किलमाइस्टर या लोकांबरोबर हसायचा-खेळायचा, तोही मारेकऱ्यांत सामील झाला. आई, मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

बाबा, आता तुमच्या कोर्टातली गोष्ट. ठाण्याचा व्यवस्थापक हॉब्ज परत आला, जागा पाहिली आणि त्याने तक्रार केली. पुढे त्याची नोकरी गेली. खटल्यात अकरा जण उभे राहिले आणि त्यांच्या वकिलांचा खर्च जमीनदारांनी उचलला. ज्यूरीने काही मिनिटांतच सगळ्यांना सोडलं. सरकारने हट्टाने त्यांतल्या सात जणांवर पुन्हा खटला चालवला आणि १८ डिसेंबरला त्यांना फाशी झाली. म्होरक्या फ्लेमिंग मात्र कधीच सापडला नाही. तो स्वतंत्र जमीनदार होता, फासावर गेलेले सगळे कैदी किंवा माजी कैदी. यिंतायिंतिन नावाच्या अ‍ॅबोरिजिनल माणसाला घडलेलं ठाऊक होतं, पण ख्रिस्ती नसल्यामुळे त्याची शपथ चालत नव्हती, म्हणून साक्षच नाही. हा नियम इथल्या न्यू साउथ वेल्स प्रांतात १८७६ पर्यंत होता. तुम्ही जन्मभर साक्षीदारांना शपथ घालताना पाहिलंत, तुम्हाला याचा अर्थ मी काय सांगणार?

फाशीने हत्या थांबल्या नाहीत. लोक फक्त सावध झाले, पुरावा ठेवेनासे झाले.

२००० मध्ये तिथे स्मारक झालं. उद्घाटनाला मेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र आले होते. आता दर जूनला लोक जमतात. माझ्या ऑफिसमधले काही जण म्हणतात, "जुनं उकरून काय मिळतं?" मला सोलापूरची सेटलमेंट आठवते. इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. कुंपण गेलं, तरी आपल्या गल्लीत पारधी दिसला की अजून दारं लागतात. तेही जुनंच ना?

मला इथलं नागरिकत्व हवंच आहे. नोकरी इथे, घर इथे, सईची शाळा इथे. हे घर ज्या जमिनीवर उभं आहे, ती कुणाकडून कशी घेतली गेली हे मात्र मला माहीत असायला हवं, सईलाही. तिच्या पुस्तकात मायल क्रीक आलं नाही तर मी तिला तिथे घेऊन जाईन.

कौन्सिलने मार्चमधली तारीख देऊ केली आहे. बाबा, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं तर दोघांनाही येता येईल. डॉक्टरांना विचारून कळवा, म्हणजे व्हिसाचे कागद लगेच भरते. आई, येताना शेंगाचटणी थोडीच आण, विमानतळावर फार चौकशी करतात.

तुमची,
मनू