आधी ॲडव्हान्स, मग तपासणी : पोटाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेतील उलटा क्रम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुटलेले पोट शस्त्रक्रियेने सपाट करून देण्याच्या जाहिराती पूर्वी मुंबई-पुण्याच्या मोजक्या भागांत दिसत. आता त्या नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या चौकांत आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. ही शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, याचा उपदेश करण्यासाठी हे पत्र नाही. शरीर ज्याचे, निर्णय त्याचा. आणि नीट विचार करून तो घेतलेल्या स्त्रिया पुढे समाधानी असतात, हेही मी पाहिले आहे. मात्र नोकरीची सारी वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काढल्यामुळे एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. या शस्त्रक्रियेत रुग्ण पैसे आधी भरतो आणि आपले शरीर तिच्यासाठी तयार आहे की नाही, हे त्याला नंतर कळते.

भूलतज्ज्ञ रुग्णाला भेटतो तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, कधी कधी तर त्याच दिवशी सकाळी. तोवर ॲडव्हान्स भरलेला असतो, रजा मंजूर झालेली असते, मुलांना सांभाळायला गावाहून आई आलेली असते. अशा वेळी हिमोग्लोबिन कमी निघाले, साखर आटोक्यात नसली किंवा रक्तदाब चढा असला, तर ‘थोडे थांबा’ हे दोन शब्द कोणालाच ऐकायचे नसतात. अपेंडिक्स फुटले असेल तर धोका पत्करूनही भूल द्यावीच लागते. पोटाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेला मात्र सहा महिने उशीर झाला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत धोका पत्करण्याची मर्यादा फार खाली असायला हवी.

त्यातही तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपात येतो. निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत पोटाची त्वचा खालच्या थरांपासून सोडवून खाली ताणली जात असल्याने तिचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो, आणि त्यात निकोटिनची भर पडली की जखम उकलण्याची किंवा त्वचेचा काही भाग काळा पडून मरण्याची शक्यता बरीच वाढते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच तंबाखू पूर्ण बंद हवा, असे म्हणूनच सांगितले जाते. पण फॉर्मवर प्रश्न असतो ‘सिगारेट ओढता का?’ आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई त्यावर अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देते. मिश्री, तपकीर, गुटखा आणि तंबाखू-चुना यांची नावे घेऊन विचारल्याखेरीज हे बाहेर येत नाही. रुग्णानेही विचारण्याची वाट न पाहता ते सांगावे.

अलीकडे त्यात वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. मौंजारो आणि वेगोवी ही औषधे 2025 मध्ये आपल्या बाजारात आली. त्यांनी वजन झपाट्याने उतरलेल्यांची त्वचा लोंबते आणि ते साहजिकच शस्त्रक्रियेची चौकशी करतात. या औषधांमुळे जठर रिकामे व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाच्याही पोटात अन्न उरलेले असू शकते आणि भुलीच्या अमलाखाली ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. इंजेक्शन घरच्यांपासून लपवून घेतले असेल, तरी भूलतज्ज्ञाला ते सांगितलेच पाहिजे.

मुळात पोट पुढे येण्याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असते. त्वचा सैल पडलेली असते, त्वचेखाली चरबी असते, पोटाच्या मधल्या रेषेतील स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात, किंवा चरबी आत, आतड्यांभोवती साठलेली असते. लायपोसक्शनने त्वचेखालची चरबी निघते, पण सैल त्वचा आवळत नाही. ज्याला सर्रास ‘टमी टक’ म्हणतात, त्या ॲब्डॉमिनोप्लास्टीत जादा त्वचा आणि चरबी कापून काढतात आणि दुरावलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात. आतल्या चरबीला मात्र या दोन्ही शस्त्रक्रिया हातही लावत नाहीत. आपल्याकडच्या कित्येक पुरुषांचे पोट या शेवटच्या प्रकारचे, घट्ट आणि गोल असते. त्यांनी लाखो रुपये खर्च केले तरी पोट बरेचसे तसेच राहील, आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका तर अजिबात कमी होणार नाही. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेचा घेर 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. ती ओलांडलेल्याने आधी फिजिशियनकडे जावे.

बाळंतपणानंतर पोट नीट बांधले नाही म्हणून ते सुटले, असे सुनेला ऐकवणारी घरे अजूनही आहेत. वास्तविक गरोदरपणात स्नायूंना मधोमध जोडणारी चिवट पट्टी ताणली जाते म्हणून स्नायूंमध्ये फट पडते, त्यात त्या सुनेचा काही दोष नसतो. ही फट पहिल्या काही महिन्यांत आपोआप बरीच भरते आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील व्यायामांचाही अनेकींना उपयोग होतो. पुढे आणखी मूल हवे असेल, अंगावर पाजणे चालू असेल किंवा वजन अजून खाली-वर होत असेल, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी, कारण पुढच्या गरोदरपणात केलेले काम पुन्हा ताणले जाते. सिझेरियनच्या वेळीच ‘तेवढे पोटही आवळून टाका’ अशी मागणी होते, तीही मान्य करू नये. त्या वेळी गर्भाशय मोठे असते, पोटाची त्वचा आणि स्नायू मूळ जागी आलेले नसतात आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते.

‘छोटीशी प्रोसिजर’ हे जाहिरातीतील वर्णन पूर्ण ॲब्डॉमिनोप्लास्टीला मुळीच लागू पडत नाही. ती सामान्यतः पूर्ण भूल देऊन करतात आणि तिला दोन ते चार तास लागतात. छेद कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि बेंबी नव्या जागी बसवावी लागते. व्रण कपड्याआड लपतो, पण जन्मभर राहतो; ज्यांच्या त्वचेवर जाड, उंचवट्याचे व्रण उठतात त्यांनी याचा विशेष विचार करावा. जखमेत पाणी साठणे, जंतुसंसर्ग आणि ओटीपोटाची त्वचा बधिर होणे या गुंतागुंती त्या मानाने नेहमीच्या आहेत. सर्वांत गंभीर धोका पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा. तो थोड्यांनाच भोगावा लागतो, परंतु सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये या शस्त्रक्रियेत तो तुलनेने जास्त आहे आणि गर्भनिरोधक गोळ्या, लठ्ठपणा किंवा पूर्वी झालेली गुठळी यांनी आणखी वाढतो. परदेशातून चार आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन शस्त्रक्रिया उरकून जाणाऱ्या आपल्या मंडळींनी परतीच्या लांब विमानप्रवासाची तारीख सर्जनला विचारूनच ठरवावी.

आता खर्चाविषयी. मोठ्या शहरांत या शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे दीड ते तीन-चार लाख रुपये सांगितले जातात. शहर, रुग्णालय, सर्जनचा अनुभव आणि सोबत लायपोसक्शन आहे की नाही, यांवर आकडा हलतो. त्या आकड्यात काय धरले आहे, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. वैद्यकीय सेवा जीएसटीतून मुक्त असल्या, तरी केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या सवलतीत बसत नाही आणि तिच्यावर कर लागतो. अनेकांना तो शेवटच्या बिलातच दिसतो. भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियापूर्व तपासण्या, औषधे, काढून टाकलेल्या भागाची तपासणी, सहा आठवडे वापरायचा दाब देणारा पट्टा, ड्रेसिंगच्या फेऱ्या आणि एखादा दिवस जास्त राहावे लागले तर खोलीचे भाडे, हे सारे पॅकेजच्या आत की बाहेर, ते लेखी घ्यावे.

आरोग्यविमा इथे उपयोगी पडत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज म्हणून केलेले उपचार वगळता सौंदर्यशस्त्रक्रिया हा पॉलिसीतील ठरलेला अपवाद आहे. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा दावाही याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. म्हणजे आयसीयूत दोन दिवस काढावे लागले तर तेही स्वतःच्याच खिशातून. बेंबीचा हर्निया सोबत असेल तर त्याच्या दुरुस्तीपुरता दावा करता येतो, पण सगळेच बिल हर्नियाच्या नावावर दाखवण्याची ‘सोय’ कोणी सुचवली तर ती फसवणूक आहे आणि त्यापायी पॉलिसी रद्द होऊ शकते. सही शेवटी रुग्णाची असते, सुचवणाऱ्याची नव्हे.

अनेक केंद्रे ‘विनाव्याज’ हप्त्यांची सोय देतात. अशा शून्य टक्के योजनांत व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या आड दडलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जासोबत खर्चाचा एकूण वार्षिक दर सांगणारे माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. आणि शस्त्रक्रिया रद्द झाली तर कर्जाचे काय, हाही प्रश्न तिथेच विचारावा. याखेरीज ज्या खर्चाची पावती मिळत नाही, तोही असतो. दोन ते तीन आठवडे बैठ्या कामावरूनही रजा लागते आणि सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही, म्हणजे कडेवर घेण्याच्या वयाचे मूल, पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, काहीच नाही. रोजंदारीवर किंवा विनावेतन रजेवर असणाऱ्या स्त्रीसाठी हा आकडा पॅकेजमध्ये मिळवूनच हिशेब करावा लागतो.

शस्त्रक्रिया कोण करणार, हेही जाहिरातीच्या बाहेर जाऊन पाहावे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पात्रता आहे का आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का, हे तपासता येते. शस्त्रक्रियेच्या जागी आयसीयू नसेल तर रुग्णाला किती वेळात आणि कोठे हलवणार, याचे ठाम उत्तर मिळायला हवे. मे 2022 मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा तिलाही एका केंद्रातून दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले होते.

संमतिपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावरच संमती खरी ठरते. शस्त्रक्रियेच्या सकाळी, पैसे भरून झाल्यावर पुढे केलेल्या कागदावरील सही या कसोटीला कितपत उतरते, याचा विचार आमच्या व्यवसायाने करावा. राज्याच्या 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केलेच आहे. त्याच धर्तीवर, केवळ सौंदर्यासाठी असलेल्या शस्त्रक्रियांत भूलपूर्व तपासणीचा लेखी अहवाल आणि करासहित तपशीलवार अंदाजपत्रक हाती दिल्याशिवाय तपासणी शुल्कापलीकडे कोणतीही रक्कम घेऊ नये, आणि वैद्यकीय कारणाने शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर भरलेले पैसे परत मिळावेत, असा नियम सार्वजनिक आरोग्य विभागाने करावा. नियम होईपर्यंत रुग्णांनी सल्ल्याच्या पहिल्याच भेटीत भूलतज्ज्ञाची वेळ मागावी. ती देण्यास जे केंद्र खळखळ करील, तेथे पैसे भरू नयेत.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, नाशिक